मुक्काम पोस्ट सी ड्राइव्ह

तीर्थरूप जुने मराठी फॉन्ट यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र युनिकोडमध्ये लिहिलं आहे, त्यामुळे आपणांस ते वाचता येणार नाही याची कल्पना आहे. आपल्याच फोल्डरात मंगल किंवा निर्मला या युनिकोडवाल्या राहत असतील. त्यांच्यापैकी कुणाकडून तरी वाचून घ्यावं. दोघींनाही मराठी खरोखर येतं.

आपलं नाव इथे घेत नाही. आपणांस कुठल्या कंपनीने जन्म दिला तेही सांगत नाही. आपलं गोत्र मोठं आहे आणि गुणांच्या बाबतीत एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं अशीच सगळ्यांची तऱ्हा. तेव्हा पत्ता एकाचा असला तरी मजकूर साऱ्या भावकीला लागू समजावा.

पत्रास कारण की, आमच्या त्रैमासिकाच्या कचेरीतले संगणक म्हातारे झाले आहेत. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरणाऱ्यांसाठी खटपट केली तर आणखी एक वर्षाची मुदतवाढ, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ घ्यायचं तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आमच्यातलं एकही यंत्र त्या पंक्तीला बसत नाही. तशी सगळी धडधाकट आहेत. कळ दाबली की अक्षर उमटतं, पंखे कुरकुरतात पण फिरतात. फक्त वरून निरोप आला की यांची सेवा संपली.

वर्गणीदारांच्या पैशांवर चालणाऱ्या अंकाला नवे संगणक घेणं म्हणजे एका दिवाळी अंकाचा कागद विकत न घेणं. तेव्हा वितरण बघणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याने लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घालून आणलं. मशीनवर काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालू करून दाखवलं. वायफाय लागलं, प्रिंटरने पान काढलं, फायरफॉक्स उघडलं, लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फायली आल्या. किंमत शून्य, परवाना कायमचा. सगळे खूश. आणि मग आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी, ज्यांच्यावाचून या कचेरीत एक ओळ छापली जात नाही, शांतपणे विचारलं, ‘‘ते सगळं ठीक आहे हो, पण आपले जुने अंक त्यात उघडतील का?’’

सभा तिथेच संपली. आणि आपण जिंकलात, अभिनंदन.

लोक काय म्हणतात ते आपल्या कानावर असेलच. ‘लिनक्सवर मराठी चालत नाही.’ हे वाक्य मी अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीच्या खोल्यांपासून ते विद्यापीठातल्या विभागांपर्यंत ऐकत आलो आहे आणि ते बोलणाऱ्या बहुतेकांनी लिनक्स दुरूनही पाहिलेलं नसतं. मिंट किंवा उबुंटूमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मुळातच असतो, उच्चारानुसार टंकायचा वेगळा असतो. एक छोटी भर टाकली की रेमिंग्टनची मांडणीसुद्धा मिळते आणि तिच्यातून थेट युनिकोड उमटतं. म्हणजे गोदरेजच्या टाइपरायटरवर तीस शब्द प्रति मिनिटाची परीक्षा दिलेल्या आमच्या ताईंच्या बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. जोडाक्षरं लावण्याचं काम तिथे हार्फबझ नावाची यंत्रणा करते. तीच अँड्रॉइडमध्ये आहे, तीच क्रोममध्येही. ज्या अँड्रॉइड मोबाइलवर लिनक्सचे हे निंदक दिवसभर मराठीत सुप्रभात पाठवतात, त्या मोबाइलचा गाभा लिनक्सचाच आहे. पण बोल लिनक्सला लागला आणि आपण फॉन्टच्या यादीत पाय पसरून निवांत बसलात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आता आपल्या खऱ्या कर्तबगारीकडे वळतो. वाचकांना कळावं म्हणून आपल्या कृतिदेव या सुप्रसिद्ध भावाचं उदाहरण घेतो. त्यात ‘मराठी’ असं लिहिलं की पडद्यावर मराठी दिसतं. संगणकाच्या पोटात मात्र पाच इंग्रजी अक्षरं जातात: ई, जे, के, मोठा बी, एच. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त अर्थ नसलेला. ‘ई’ या इंग्रजी अक्षराचं चित्र काढायची वेळ आली की आपण ‘म’चं चित्र काढता. दीर्घ ‘ई’ तर आपल्या लेखी अक्षरच नाही. ऱ्हस्व ‘इ’वर रफार ठेवला की झाली ‘ई’. मराठीच्या व्याकरणात असं धाडस मोरो केशव दामल्यांनीही केलं नाही.

पडद्यावर सगळं सुंदर. वेलांट्या घाटदार, काना सरळ, ‘श’ देठाचा, ‘ल’ मराठी वळणाचा. आपलं रूप वाईट होतं असं माझा शत्रूही म्हणणार नाही. पण रूप काढून घेतलं की खाली जे उरतं त्याला कुठलीच भाषा म्हणता येत नाही.

त्याचे परिणाम आम्ही भोगतो आहोत, आपण नाही. जुन्या अंकांत एखाद्या लेखकाचं नाव शोधायचं तर शोधचौकटीत ते नाव टाकून काही सापडत नाही, कारण ते नाव तिथे नसतंच. सूची करायला बसावं तर संगणक आपल्या मनातल्या इंग्रजी क्रमाने अकारविल्हे लावतो. कृतिदेवात ‘त’ म्हणजे आर आणि ‘ग’ म्हणजे एक्स, त्यामुळे तेंडुलकर गाडगीळांच्या आधी येतात. दोघांनीही हयातीत यावर झकास काही लिहिलं असतं. लेखकाने मेलवर कथा पाठवावी, आमच्याकडे ती गिचमिड होऊन उतरावी, मग ‘फॉन्ट पाठवा’ असा उलटा निरोप जावा, फॉन्ट यावा, तो नेमका दुसऱ्या आवृत्तीचा निघावा आणि त्यात ‘ष’च्या जागी भलतंच काही उगवावं. मराठी संपादकांच्या आयुष्यातले किती दुपारचे चहा या पत्रव्यवहारात गार झाले, त्याची नोंद कुठे नाही.

एक गोष्ट मात्र विनोदाच्या बाहेरची आहे. दृष्टिहीन वाचक संगणकावर पडदा-वाचक वापरतात. तो अक्षराचं चित्र बघत नाही, पोटातला संकेत वाचतो. युनिकोडमधला लेख तो मराठीत वाचून दाखवतो. आपल्यातला लेख लावला की तो ई, जे, के, बी, एच असं पुटपुटत राहतो, शेकडो पानं. ज्यांना आपलं रूप दिसतच नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे काहीच नव्हतं.

आपल्या बचावाचा मुद्दा मी ऐकला आहे आणि तो अर्धा मान्यही आहे. आपण आलात तेव्हा संगणकाकडे अक्षरांसाठी जेमतेम दोनशे छप्पन्न घरं होती. त्यात इंग्रजीला जागा द्यायची, वर देवनागरीची बाराखडी, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार बसवायचे. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी कळत नव्हती. ज्या कारागिरांनी आपणांस घडवलं त्यांनी त्या दोनशे छप्पन्न खोल्यांत सगळी वर्णमाला कोंबली, हे कौशल्यच होतं. त्यांच्यामुळेच शिशाच्या खिळ्यांतून सुटून मराठी छपाई संगणकावर आली. गावोगावच्या साप्ताहिकांना, लग्नपत्रिकांना, निवडणुकीच्या पत्रकांना आपण अक्षर दिलंत. हे ऋण कबूल आहे.

पण १९९१ हे साल आपल्या कुंडलीत वाईट होतं. त्या एकाच वर्षात भारतीय मानक ब्यूरोने इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेताचं मानक, आयएस १३१९४, काढलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची हक्काची घरं मिळाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक छोटी संगणकप्रणाली करतो आहोत, असं जाहीर केलं. विंडोज २००० आलं तेव्हा त्यात युनिकोडची देवनागरी होती आणि मंगल होती. मंगल रेखाटली ती र. कृ. जोशींनी, म्हणजे मराठी सुलेखनातल्या थोर माणसाने. तिथे आपली गरज संपली होती.

आपण काय केलंत? पागडीच्या भाडेकरूसारखे बसून राहिलात. त्यानंतर पाव शतक लोटलं. शासनाने कार्यालयांतून युनिकोड वापरा असे निर्णय काढले. ते निर्णय लागू करणारी पत्रंही काही ठिकाणी आपल्यातच टंकली गेली असतील, याबद्दल माझी खात्री आहे पण पुरावा नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषा दोन हजार वर्षांपूर्वीची आहे हे सिद्ध करायला शिलालेख उपयोगी पडले. आपल्यात टंकलेलं साहित्य आणखी पन्नास वर्षांनी कुणी पुरावा म्हणून काढलं तर तो इंग्रजीचा एखादा रानटी बोलीप्रकार ठरेल.

आता मूळ निवाड्याकडे येतो. आमच्या संपादक मंडळात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, कर्ज काढा पण विंडोजवरच राहा, निदान जुने अंक हाताशी राहतील. या तटातल्या एका ज्येष्ठांनी म्युनिकचा दाखला दिला. त्या जर्मन शहराने २००३ साली महापालिकेचे संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं आणि २०१७ साली परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. दाखला खरा आहे. पण म्युनिकच्या कारकुनांकडे आपल्यासारखा कुणी नव्हता. जर्मन मजकूर इकडचा तिकडे नेताना त्याची अक्षरं पालटत नाहीत.

मग आम्ही नीट चौकशी केली आणि आपलं पितळ उघडं पडलं. विंडोज ११ फक्त ६४-बिटचं आहे. जुन्या ३२-बिट ड्रायव्हरांना तिथे थारा नाही. आपल्या टंकनप्रणालीची किल्ली म्हणजे ती डोंगल, जी ताई रुमालात गुंडाळून कपाटात ठेवतात, ती तशाच जुन्या ड्रायव्हरवर चालते आणि तिचं नवं रूप आम्हाला मिळालं नाही. अंकाची पानं लावायच्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० आली ती २००१ साली, त्यानंतर त्याला वंश नाही. म्हणजे नवे संगणक घेतले, विंडोज ११ घातलं, तरी जुने अंक उघडण्याची हमी नाहीच. उलट लिनक्सवरचं लिब्रेऑफिस पेजमेकरच्या फायली उघडतं. मांडणी विस्कटते, पण मजकूर येतो. आणि गंमत म्हणजे आपली फाइल लिनक्सच्या फॉन्ट फोल्डरात टाकली तर आपण तिथेही बिनतक्रार उमटता! ज्याच्या नावाने एवढी वर्षं नाकं मुरडली त्याच्याच ओसरीवर जाऊन बसलात. निष्ठा हा आपला गुण नाही हे आधीच कळायला हवं होतं.

तेव्हा विंडोज की लिनक्स हा प्रश्न आमच्यापुढे कधी नव्हताच. आमची पंचवीस-तीस वर्षांची मराठी आपल्याकडे ओलीस आहे आणि ती सोडवायला कुठल्याही घरात गेलं तरी खंडणी तेवढीच पडते. हे एकदा उमगल्यावर जिथे भाडं नाही त्या घरात जाणं शहाणपणाचं.

दुसऱ्या तटाने केरळकडे बोट दाखवलं. ‘जनयुगम’ हे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं मल्याळम दैनिक. त्यांच्याकडेही पेजमेकर होतं आणि आपले मल्याळी चुलतभाऊही, तीच दोनशे छप्पन्न घरांची बिऱ्हाडं. २०१९ साली त्यांनी सगळं काम मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. कुबुंटूवर बेतलेली प्रणाली घेतली, पानं लावायला स्क्रायबस, चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप घेतलं, मजकूर युनिकोडमध्ये आणला. त्यासाठी मल्याळममध्ये मुक्त सॉफ्टवेअरचं काम वर्षानुवर्षं करणारी माणसं पाठीशी उभी राहिली. तिथल्या शाळांतली मुलं लिनक्सवर शिकतात, हेही विसरून चालणार नाही. पण ते दैनिक आहे. त्यांना रोज रात्री पानं सोडायची असतात. आम्हाला तीन महिन्यांतून एकदा, आणि तेव्हाही आम्ही उशीरच करतो.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. हिशेबाचं टॅली लिनक्सवर आपसूक चालत नाही, तेव्हा हिशेबनिसांचा एक संगणक तसाच राहील. मुखपृष्ठ करणारे चित्रकार कोरलड्रॉच्या फायली पाठवतात, त्यांना पीडीएफ पाठवायची विनंती करावी लागेल. त्यातल्या एकाला पीडीएफ म्हणजे अपमान वाटतो. स्क्रायबसमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट बसायला लागली ती अलीकडच्या आवृत्त्यांत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी कुणी करून पाहून नाद सोडला असेल तर त्याचं तेव्हा चुकलं नव्हतं.

खरं जिवावर येतं ते आपल्या पोटातून मजकूर काढण्याचं काम. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात, बऱ्याचशा मुक्तही आहेत. पण आपण जाताजाता सुरुंग पेरून ठेवले आहेत. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी ठेवता, टाइपरायटरची रीत म्हणून. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. ‘कविता’ची ‘किवता’ झाली तर ताई सांभाळून घेतील, पण जोडाक्षर आलं की कच्च्या आज्ञावलीची भंबेरी उडते आणि ‘स्थिती’ची ‘स्िथती’ होते. रफार उलटा: आपल्याकडे अक्षरानंतर, तिकडे आधी. आणि मजकुरात मधेच इंग्रजी अक्षरं आली असतील तर तीही बिचारी मराठी समजून धरली जातात. इंग्रजीतल्या ‘पीडीएफ’चं ‘च्क्थ्’ होतं. ‘टीव्ही’चं ‘ज्ट’ होतं. एका गंभीर समीक्षालेखात ‘ज्टच्या आक्रमणामुळे वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ असं आलं आणि मंडळातल्या एका सभासदांनी ज्ट हा कोण आधुनिक विचारवंत, असं विचारलं.

म्हणजे प्रत्येक पान माणसाने वाचायचं, मूळ छापील अंकाशी ताडून. याला पर्याय नाही, आणि हे काम कुठलीही संगणकप्रणाली फुकट करून देत नाही. लिनक्स फुकट आहे असं म्हणणाऱ्यांनी ताईंच्या डोळ्यांचा हिशेब धरलेला नसतो. तो खर्च लिनक्सच्या खात्यावर मांडायला मात्र मी तयार नाही. तो आपल्या खात्यावर आहे, थकीत, व्याजासकट.

मंडळाचा ठराव असा झाला आहे. येत्या दिवाळी अंकाचं काम हातावेगळं झालं की हिशेबाचा सोडून सगळ्या संगणकांवर लिनक्स मिंट बसेल. नवा मजकूर युनिकोडमध्येच घेतला जाईल. त्यासाठी एक टाइपसुद्धा विकत घ्यावा लागणार नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींची ‘मुक्त’ आणि ‘बालू’ ही अक्षरं मुक्त परवान्यावर मिळतात. रूप आपल्याइतकंच देखणं, आणि आतही मराठी. आपल्यासाठी सगळ्यात जुना संगणक कोपऱ्यात ठेवला आहे. विंडोज १० आहे, पेजमेकर आहे. इंटरनेटची वायर काढून घेतली आहे, ती आपल्याच सुरक्षेसाठी, गैरसमज नसावा. ताई रोज जेवणानंतर आपल्याकडे येतील आणि एकेक अंक बाहेर काढतील. १९९८ पासून सुरुवात आहे. सहकार्य करावं. मागितलेली फाइल ‘उघडता येत नाही’ म्हणून अडवू नये. बॅकअपच्या सीड्यांना बुरशी लागली आहे हे कारण चालणार नाही, आम्ही त्या पुसून ठेवल्या आहेत.

एवढं करून आपण मोकळे.

कळावे, लोभ होताच, तो आता पुरे.

आपला,
एका त्रैमासिकाचा संपादक

ता. क. – शेवटचा अंक निघाला की डोंगल ताईंच्या टेबलावर ठेवून जावी. तिची पावती मिळणार नाही.